जासईची स्लिप

माझ्या ओळखीच्यांपैकी कुणाच्या हातात हे पुस्तक पडलं, तर तो आधी हेच प्रकरण शोधणार, हे मला माहीत आहे. मामा आणि स्लिपची गोष्ट! लग्नाच्या मांडवात, बारशाला, ऑफिसच्या सहलीत, एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्या बसल्या मी ती सांगितली आहे आणि दुखऱ्या दाढेच्या माणसांना गाल धरधरून हसवलं आहे. मामाचा आवाज, साहेबांचा आवाज, स्पीकरफोनमधून येणारा काशिनाथचा घोगरा आवाज, सगळे मीच काढते. उभी राहून, पदर खोचून काढते. आज मात्र बसून लिहायची आहे. कागदावर आवाज काढता येत नाहीत, आणि आवाज काढून घेतले की त्या गोष्टीत जे उरतं, ते मला फारसं आवडत नाही.

आमचं घर पनवेलच्या जुन्या भागात, तळ्याच्या मागच्या गल्लीत. आत आई, वडील आणि मी, बाहेरच्या खोलीत मामा. मामा आईचा थोरला भाऊ, मूळचा मिठागरावरचा माणूस. मिठागरं गेली, मामी गेली, तेव्हा आईने त्याला आणि त्याच्या एकुलत्या एक लेकीला, नलूला, आमच्याकडे आणलं. नलू आणि मी एका ताटात जेवलो, एका गोधडीत झोपलो, एकीला गालगुंड झालं की दुसरीलाही झालंच. मामाची सकाळ त्याच्या एम-ऐंशी दुचाकीच्या किकने सुरू व्हायची. पहिली किक कोरडी, दुसरी कोरडी, तिसरीला मामा त्या गाडीशी आई-माईवरून बोलायचा आणि चौथीला ती सुरू व्हायची. तेवढ्यात आई चुलीवरून तांदळाची भाकरी उतरवायची. भाकरी, रात्रीचं सुकटाचं कालवण आणि कांदा, हा मामाचा डबा. डब्यावर स्वच्छ धुतलेल्या पंच्यात गुंडाळलेली एक वस्तू असायची. तिला आई हात लावत नसे. ती टेप होती.

टेप म्हणजे गाण्यांची नव्हे. पनवेलला एका कंटेनरवाल्या कंपनीचं ऑफिस होतं, जासईला तिचंच आवार होतं, आणि दोन्हीकडे एकेक युनिक्सचं मशीन, म्हणजे तेव्हाचा मोठा कॉम्प्युटर, होतं. कपाटाएवढी, मान ताठ करून बसलेली ती दोन मशीनं एकाच कंपनीची, पण एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. जासईत दिवसभर कुठला कंटेनर आला, कुठला गेला, ते तिकडच्या मशीनमध्ये भरायचं, संध्याकाळी टेपवर उतरवायचं, आणि मामाने ती टेप रात्री घरी आणून सकाळी पनवेलच्या ऑफिसात द्यायची. मग पनवेलची टेप जासईला न्यायची. टेप पोचली की समोरच्याने एका चिटोऱ्यावर सही करायची. त्या चिटोऱ्याला सगळे स्लिप म्हणत. मामाला वाचायला बेताचंच येई, पण स्लिप तो देवाच्या अंगाऱ्यासारखी खिशात जपायचा. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की लोहचुंबक जवळ आलं तर टेप पुसली जाते. मामा कंबरदुखीसाठी एक लोहचुंबकाचा पट्टा बांधायचा. त्या दिवसापासून त्याने तो काढून खुंटीला टांगला. कंबर दुखायची ती दुखायची. विजेचा ट्रान्सफॉर्मर दिसला की तो गाडी रस्त्याच्या दुसऱ्या कडेने घ्यायचा. एकदा टेपला सुकटाचा वास आला म्हणून साहेब ओरडले, तर दुसऱ्या दिवसापासून डबा हँडलला आणि टेप शर्टाच्या आत, पोटाशी.

या मामानेच मला त्या ऑफिसात चिकटवलं. मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून घरी माशा मारत बसले होते. मामा साहेबांच्या केबिनमध्ये गेला आणि म्हणाला, "आमची पोर हाय. तुमच्या त्या पेटीशी बोलते." साहेब हसले आणि त्यांनी मला बोलावलं. हे मी मुद्दाम आधीच लिहून ठेवते, कारण गोष्ट सांगताना हे वाक्य मी नेहमी गाळत आले.

नलूचं लग्न जासईलाच झालं. लग्नात मानपानावरून बिनसलं. व्याह्यांच्या मेव्हण्याला मानाचा नारळ द्यायचा राहून गेला. गर्दीत राहिला, मुद्दाम कुणी ठेवला नाही. पण व्याही भर मांडवात म्हणाले, "आमी बोलावल्याबिगार आमच्या ओट्यावर पाय ठेवायचा नाय." आणि माझा मामा, एरवी गाईसारखा, त्या दिवशी म्हणाला, "तुमी बोलवा, मंगच येईन." झालं. ते बोलावत नव्हते, हा जात नव्हता. नलूला माहेरी धाडत नव्हते. आई घरात भांडी आपटायची आणि म्हणायची, "दोगं पन आडमुठे. मधल्या मधी पोर मरते." मामा डबा उचलून निघायचा. फक्त संध्याकाळी जासईहून यायला त्याला उशीर व्हायला लागला. आम्हाला वाटायचं, गाडी जुनी झाली.

आता माझा प्रवेश. वाजवा ताशा! साहेबांनी मुंबईच्या कुठल्याशा प्रदर्शनात बघितलं की दोन युनिक्स मशीनं तारेने जोडता येतात. मशीनच्या पाठीला जो सीरियल पोर्ट असतो, ज्याला आपण टर्मिनल, म्हणजे काचेचा पडदा आणि कळफलक, लावतो, त्यालाच मोडेम, म्हणजे मशीनचं बोलणं फोनच्या तारेत घालणारी डबी, लावायचा, मोडेम टेलिफोन खात्याच्या कायमच्या लाइनला जोडायचा, दुसऱ्या टोकाला तसंच करायचं, आणि मग त्या एवढ्याशा वायरीतून माहितीची पाकिटं एकामागून एक सोडायची. या पद्धतीचं इंग्रजी नाव लांबलचक, पण आद्याक्षरं जोडली की होतं स्लिप. होय, स्लिप! मी काही केलेलं नाही, परदेशातल्या कुणा शहाण्याने ठेवलेलं नाव आहे. साहेब म्हणाले, "सुमन, हे तू करायचं. जासईला काशिनाथ आहे, तू फोनवरून सांगशील तसं तो करील." काशिनाथ जासईच्या आवारातला कारकून, गावातलाच मुलगा, टायपिंग दोन बोटांनी पण विजेसारखं.

माझ्या आनंदाला पारावार नव्हता. मी वायरींना स्वतः डाग दिले. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात जावं म्हणून दोन तारा एकमेकींवरून उलट्या न्याव्या लागतात, तेही केलं. हाताला शिशाचा वास, नखात काळं. घरी जेवताना मी आईला भाकरीच्या तुकड्यांनी सगळं मांडून दाखवायची, हे पनवेल, हे जासई, ही लाइन. मामा कालवणात भाकरी कुस्करत ऐकायचा. एकदा त्याने विचारलं, "मंग ती तार टेपचं काम करनार?" मी म्हटलं, "एका मिनिटात करणार, मामा!" तो म्हणाला, "हुशार गो माजी बाय," आणि पाणी प्यायला उठला. त्या वयात पाणी प्यायला उठणाऱ्या माणसाकडे कोण बघतं?

लाइन काही लागेना. मोडेमवरचे दिवे डोळे मिचकावायचे, म्हणजे तारेतून काहीतरी जात होतं, पण माझ्या हाकेला जासईचं मशीन उत्तर देत नव्हतं. दिवसामागून दिवस मी वायरी काढत होते, लावत होते. साहेबांनी वरच्या साहेबांना वार सांगून ठेवला होता आणि तो वार उलटून गेला होता. एके सकाळी साहेबांनी केबिनमध्ये स्पीकरफोन लावला. पलीकडे काशिनाथ. अलीकडे साहेब लालबुंद, मी हातात वायर घेऊन. आणि दारात, नुकताच आलेला, पोटाशी टेप धरलेला मामा.

साहेब फोनमध्ये ओरडले, "काशिनाथ, जासईहून स्लिप येतच नाहीये! कालही आली नाही, परवाही आली नाही!"

दारातला मामा जागच्या जागी थिजला. मला दिसलं. त्याने खिशावर हात ठेवला.

काशिनाथ म्हणाला, "साहेब, इकडून तर जाते. दिवा लागतो."

"तिकडून जाते आणि इथे पोचत नाही, म्हणजे काय?" साहेबांनी टेबलावर हात आपटला. "वाटेत कुठेतरी अडकतेय!"

आणि मामा दोन पावलं पुढे आला, चप्पल दाराबाहेर काढून, आणि म्हणाला, "साहेब, स्लिप नाय अडकत. मीच अडकतो."

इथे लोक हसतात. मीही हसले. ओढणी तोंडात कोंबून हसले. साहेबांनी बावचळून विचारलं, "तू? तू कुठे अडकतोस?" माझ्याकडे त्या वेळी एक वाक्य तयार होतं, अगदी जिभेच्या टोकावर: मामा, ही दुसरी स्लिप आहे. एवढंच. एवढ्याने सगळं थांबलं असतं, तिघेही हसलो असतो, चहा झाला असता. मी ते बोलले नाही. का, ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे आणि उत्तर दर वेळी तेच येतं. मला पुढे काय होतं ते बघायचं होतं.

पुढे मामाने सगळं सांगितलं. मान खाली घालून, चोरी पकडली गेलेल्या माणसासारखं. "काल-परवा दोनी दिस जासईला उशिरा पोचलो. काशिनाथ जेवायला घरी गेला व्हता, सही राह्यली. माजी चूक हाय. लेक दिली हाय ना जासईला. व्याही घरात घेत नाय. मंग ती तेलाच्या दुकानामागं येऊन उभी राह्यते. पोटुशी हाय, सहावा चाललाय. ओले बोंबील खावेसे वाटतात म्हनाली, म्हनून करंजा बंदरापर्यंत गेलो, थितनं आनले, तिला दिले. थितंच कुनाच्या तरी चुलीवर भाजून खाते. सासरी ठावं नाय कुनाला. टेप पोटाशीच व्हती साहेब, बोंबलाला लावू दिली नाय. एक डाव माफ करा. कामावरनं काढू नका, ह्ये काम गेलं तर मला जासईला जायला दुसरं निमित नाय."

मग स्पीकरमधून काशिनाथ हळूच म्हणाला, "मामा... फोन चालू हाय."

गोष्ट सांगताना मी इथे थांबते. काशिनाथचा घोगरा आवाज, 'फोन चालू हाय', आणि मी कमरेवर हात ठेवून श्रोत्यांकडे बघते. टाळ्या पडतात. कुणीही आजवर पुढचं विचारलेलं नाही, इतकी ती जागा पक्की आहे.

पुढचं असं. मी मामाला बाहेर नेऊन त्याला ती दुसरी स्लिप समजावली. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मंग माजी स्लिप कुनी मागितलीच नव्हती?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "असं," आणि जिन्यात खाली बसला. मी आत आले. तोंड कुठे लपवावं कळेना म्हणून टर्मिनलच्या काचेत खुपसलं. आणि लाजेने असेल, पण त्या दिवशी पहिल्यांदा मी हाका मारणं थांबवलं. स्लिप बंद केली आणि तारेतून नुसतं काय येतंय ते बघत बसले. काचेवर एकच शब्द ओळीने येत होता: लॉगिन, लॉगिन, लॉगिन. युनिक्समध्ये दारावर एक रखवालदार बसवलेला असतो, वायरीच्या टोकाला कुणी आलं की तो विचारतो, कोण आहे? मी तो दोन्हीकडे बसवून ठेवला होता. पनवेल विचारत होतं, कोण आहे? जासईला वाटायचं, ह्याने नाव सांगितलं, मग ते ओरडायचं, चूक, कोण आहे? दिवसच्या दिवस दोघे दारात उभे राहून एकमेकांना तेच विचारत होते आणि आत कुणीच जात नव्हतं. दिवे त्याचेच लुकलुकत होते.

दोन्ही रखवालदार उठवले. पनवेलचा मी उठवला, जासईचा काशिनाथने. एका ओळीत एक शब्द बदलायचा होता. जेवायच्या सुट्टीआधी जासईची पहिली नोंद माझ्यासमोर उमटली. साहेबांनी पेढे मागवले. पेढे आणायला मामा गेला, आणि वाटलेही त्यानेच. माझ्या हातावर पेढा ठेवताना म्हणाला, "बोललो व्हतो ना साहेबांना, पेटीशी बोलते." त्याच्या डोळ्यांत खरोखर कौतुक होतं. ते नसतं तर मला बरं वाटलं असतं.

टेपची फेरी बंद झाली. साहेब वाईट नव्हते, त्यांनी मामाला पनवेलच्या ऑफिसातच ठेवलं, दाराशी स्टुलावर. चहा आणायचा, टपाल टाकायचं. काशिनाथने ऐकलेलं फक्त आपल्या आईला सांगितलं, आणि त्याची आई व्याह्यांची शेजारीण. नलूचं तेलाच्या दुकानाकडे जाणं त्याच संध्याकाळी बंद झालं. नंतर नलूनेच मला सांगितलं की त्याआधी दुपारी ती जाऊन उभी राहिली होती, कारण तिला कुणी काही कळवलंच नव्हतं. माझ्या तारेने जासईला कंटेनरचे नंबर कळत होते, मामा येणार नाही तेवढंच कळवायचं राहिलं होतं. मामाने लोहचुंबकाचा पट्टा खुंटीवरून काढून परत कमरेला बांधला. त्या दिवशी आई भाकऱ्या थापत होती. तिने त्या पट्ट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि भाकरी तव्यावर जरा जोरात टाकली. ओरडली असती तर सोपं गेलं असतं.

ते महिने कसे गेले, ते मी सांगत नाही, कारण मला ते नीट आठवत नाहीत, आणि हीच त्यातली सगळ्यात वाईट बाब आहे. मी खुशीत होते. वरचे साहेब बघायला आले, मला शाबासकी मिळाली. ऑफिसात 'मीच अडकतो' हे वाक्य चलनी नाण्यासारखं फिरायला लागलं होतं, आणि टांकसाळ मी होते. स्टुलावरचा मामा हसायचा. गोष्ट 'फोन चालू हाय'पाशी आली की तो पाण्याचा जग घेऊन भरायला जायचा. जग भरलेला असला तरी जायचा.

मग एके दिवशी मी नोंदी बघत असताना काचेच्या खालच्या बाजूला एक ओळ उमटली. काशिनाथने तिकडून पाठवलेली, रोमन अक्षरांत मोडकीतोडकी मराठी: नलूला मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, मामांना सांग. आईला सांगून बसल्याचं त्यालाही लागलं असणार. मी धावत दाराशी गेले. मामाने दोन्ही हात कपाळाला लावले, मग मला विचारलं, "ह्ये तुज्या स्लिपवर आलं?"

"हो मामा."

"मंग कागद दे."

"यात कागद लागत नाही, मामा."

"लागतो गो. पोचल्याची सही कशावर घेऊ?"

मी प्रिंटर करकरत सुरू केला, ती एक ओळ छापली, आणि तो सांगेल तसं खाली हाताने लिहिलं: निरोप पोचला, सही. त्याने कागद पंच्यात गुंडाळला, शर्टाच्या आत पोटाशी ठेवला. कमरेचा पट्टा सोडून माझ्या टेबलावर ठेवला, सवयीने. खाली पहिली किक कोरडी गेली, दुसरी कोरडी गेली.

तो परतला तेव्हा दिवेलागण झाली होती. आई आणि मी ओट्यावर वाट बघत होतो. मी विचारलं, "सही मिळाली?"

"नाय," मामा म्हणाला. त्याने गाडी लावली, हातपाय धुतले, आम्हाला ताटकळत ठेवून सावकाश पुसले. मी गोष्टी रंगवायला कुणाकडून शिकले, ते त्या दिवशी मला कळलं. "व्याह्याच्या ओट्याखाली उभा राह्यलो. वर पाय ठेवला नाय. बोललो, ऑफिसचा कागद हाय, पोचल्याची सही पायजे. त्यानं कागद बघितला. लय वेळ बघितला. बोलला, चष्म्याबिगार दिसत नाय, बसा वर, चष्मा आनतो. बसलो. मंग आत बोलला, पोरीला आना बाहेर, मानूस खोळंबलाय. आनली. मांडीवर दिली." मामाने पंचा खांद्यावर टाकला. "चष्मा काय लवकर सापडला नाय. दुपारपास्नं शोधत व्हता. खिशातच व्हता त्याच्या, मला दिसत व्हता."

मामाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. नलू जासईतच आहे, तिच्या हातचे बोंबील अजून मला पोचतात. मामा शेवटी अंथरुणाला खिळला होता तेव्हा मी त्याच्याजवळ बसून भेटायला आलेल्यांना गोष्टी सांगायची. हीसुद्धा सांगितली. लोक हसून गेले. मामाला उठून पाण्याला जाता येत नव्हतं, त्यामुळे त्याने ती तशीच पडून ऐकली. मग मला म्हणाला, "बाय, त्या चष्म्याचं का नाय सांगत?"

मी म्हटलं, "मामा, त्याला कुणी हसत नाही."

तो म्हणाला, "नसू दे हसत."

त्यानंतर कितीतरी मांडव झाले, कितीतरी बारशी झाली. दर वेळी मी चष्म्याचं सांगायचं ठरवून उभी राहिले आणि दर वेळी 'फोन चालू हाय'पाशी टाळ्या पडल्या आणि मी खाली बसले.